ड्रमरला सीट मिळते

रॉक बँडमध्ये चार माणसं असली तर तीन उभी असतात आणि एक बसलेला असतो. मीरा रोड-भाईंदरच्या माणसाचं मन या चौघांतल्या कुणाकडे ओढ घेईल, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही. गायक स्टेजभर पळत असतो, गिटारवाला कमरेत वाकून तोंड वेडंवाकडं करत असतो आणि बेसवाला कोपऱ्यात उभा राहून आपल्याकडे कुणी बघतंय का याचा अंदाज घेत असतो. ड्रमर पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐसपैस बसलेला. त्याला कुणी 'जरा सरका' म्हणत नाही, कुणी मांडीवर बॅग ठेवत नाही. चर्चगेटहून भाईंदरपर्यंत एका पायावर आलेल्या माणसाला कलेची याहून उच्च कल्पना सुचत नाही.

जगात सगळीकडे आधी सर्वश्रेष्ठ बँड कोणता यावर भांडण होतं आणि ड्रमरचा विषय तोंडी लावण्यापुरता येतो. आमच्या संध्याकाळच्या भाईंदर लोकलमध्ये ड्रमर हे जेवण आणि बँड हे लोणचं.

ग्रुपातल्या कुणाला कुणाचं नाव ठाऊक नाही. वर्षानुवर्षं एकत्र प्रवास करणारी ही मंडळी एकमेकांच्या मुलांचे बारावीचे टक्के, बायकोची थायरॉइडची गोळी आणि फ्लॅटचा हप्ता तोंडपाठ सांगतील. पण आडनाव विचारा, गप्प. माणूस राहतो तिथल्या नावानं ओळखला जातो. शांतीनगर सरकारी खात्यात आहेत आणि प्रत्येक गोष्टीला टिपणी लावतात. जेसल पार्क निवृत्तीला टेकलेत. तरुणपणी धोबी तलावाच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' ऐकून आल्याचं भांडवल त्यांना अजून पुरतंय. पूनमसागर हा आयटीतला, शुक्रवारी काळा टी-शर्ट घालणारा मुलगा. उत्तन हे ख्रिस्ती गृहस्थ. त्यांच्या घरात लग्नाच्या ब्रास बँडची परंपरा, त्यामुळे फुंकून वाजवायच्या वाद्याशिवाय ते कशालाच वाद्य मानत नाहीत. आणि एक शेठ. त्यांचा स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे. त्यांना रॉकमधलं ओ की ठो कळत नाही आणि म्हणूनच त्यांचं मत सगळ्यांना हवं असतं.

वादाचा पहिला नियम म्हणजे यादी चारांची. दहाची यादी करणारे लोक मोकळ्या देशात राहतात. आमचं बाकडं तिघांचं आहे आणि त्यावर चौघं बसतात. त्यामुळे पहिले तीन बँड टेकून बसतात आणि चौथ्याला अर्धी मांडी आत, अर्धी बाहेर अशी चौथी सीट मिळते.

खिडकी बीटल्सची. ते चर्चगेटलाच चढलेत, त्यांना उठवायची कुणाची छाती नाही. शेजारी लेड झेपलिन, पाय पसरून. तिसरे रोलिंग स्टोन्स. हे 1962 साली बसलेत आणि स्टेशनं येऊन गेली तरी उतरायचं नाव काढत नाहीत. 2023 साली त्यांनी पुन्हा नवा अल्बम काढला तेव्हा दारात उभ्या असलेल्या निम्म्या बँडांनी कपाळावर हात मारला. चौथ्या सीटवर मात्र रोज मारामारी. पिंक फ्लॉइडला द्यावी तर ते बसल्या बसल्या झोपतात. डीप पर्पलला दिली की ब्लॅक सॅबथ रुसतो. शेवटी लोकलचीच रीत पाळली जाते: एकानं अंधेरीपर्यंत बसायचं, मग उठून दुसऱ्याला द्यायची.

क्वीनची केस वेगळी. फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूक बलसारा, पारशी घरातला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. शाळेतल्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. म्हणजे हा मुलगा सातारा जिल्ह्याचा, असं शांतीनगरांचं म्हणणं. ते स्वतः वाईचे असल्यानं या मुद्द्यावर ते हट्टालाच पेटतात. क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर आधी दंतवैद्यकाचा विद्यार्थी होता, ही माहितीही क्वीनच्या पथ्यावर पडली. ज्या गावात प्रत्येक बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक डेंटिस्ट बसतो, तिथे अशा माणसाला घरचाच समजतात.

नव्या बँडची तोंडी परीक्षा होते. दादरला चढलेला माणूस बसलेल्याकडे बघून भुवई उडवतो आणि एकच शब्द विचारतो, "कुठे?" तुम्ही कुठे उतरणार ते सांगा, म्हणजे तुमची जागा मी आत्ताच बुक करतो. हाच प्रश्न आम्ही नव्या बँडला विचारतो. कोल्डप्ले जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आला, तेव्हा पूनमसागरला तिकिटाच्या ऑनलाइन रांगेत लाखांतला नंबर लागला होता. तरी तो कोल्डप्लेची बाजू जीव तोडून मांडत होता. जेसल पार्कांनी शांतपणे भुवई उडवली. "कुठे?"

"काका, पंचवीस वर्षं झाली त्यांना."

"म्हणजे मालाड," जेसल पार्क म्हणाले.

त्यांचा ड्रमर विल चॅम्पियन बँडमध्ये जागा आहे म्हणून ड्रम शिकला, ही गोष्ट पूनमसागरनं कौतुकानं सांगितली आणि तिथेच घात झाला. सीट मिळतेय म्हणून काम शिकलेल्या माणसाबद्दल गाडीत एकदम आदर पसरला. चॅम्पियनला सगळ्यांनी मान दिला, कोल्डप्ले होता तिथेच राहिला.

आता खरा विषय. ड्रमरांत श्रेष्ठ कोण?

रिंगो स्टारला परदेशात लोक नावं ठेवतात म्हणे. आमच्याकडे त्याच्या नखालाही धक्का लावता येत नाही, आणि त्याचं कारण संगीतात नाही. 1968 साली बीटल्स ध्यान शिकायला ऋषिकेशला गेले. बाकीचे तिघं मोक्ष मिळेल या आशेनं गेले. रिंगो सुटकेसमध्ये बेक्ड बीन्सचे डबे भरून घेऊन गेला, कारण त्याचं पोट नाजूक होतं आणि तिथलं जेवण झेपेल याची खात्री नव्हती. दोन आठवड्यांच्या आत तो बायकोला घेऊन घरी परतलाही. घरचा डबा घेऊन निघायचं आणि वेळेत घरी यायचं, एवढ्या दोन गुणांवर भाईंदर लोकलमध्ये माणूस निवडून येतो. शिवाय रिंगो डावखुरा आणि वाजवायचा उजव्या माणसासाठी लावलेल्या संचावर. दुसऱ्याच्या सोयीनं मांडलेल्या जागेत आपलं काम उरकायचं, हे तर आमचं रोजचं जगणं.

चार्ली वॉट्सला शांतीनगरांचा पाठिंबा. साठ वर्षांच्या आसपास एकाच संस्थेत नोकरी, अंगात शिवलेला सूट, बारकासा ड्रम सेट आणि 1964 पासून शेवटपर्यंत एकच बायको. बाकीचे स्टोन्स हॉटेलांत काय काय उद्योग करायचे ते सगळ्या जगाला माहीत आहे. चार्ली खोलीत बसून ज्या पलंगावर झोपायचा त्याचं चित्र काढायचा. दौऱ्यातल्या प्रत्येक पलंगाचं. "डेडस्टॉक रजिस्टर ठेवायचा म्हणा ना," शांतीनगर भारावून म्हणाले. 2003 च्या एप्रिलमध्ये हा माणूस ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला. ब्रेबॉर्न म्हणजे चर्चगेट स्टेशनच्या शेजारी. आमच्या गाडीच्या इतक्या जवळ जागतिक दर्जाचा ड्रमर पुन्हा बसलेला नाही.

जेसल पार्कांचा देव जॉन बॉनहॅम. त्यांची कसोटी कचेरीतली आहे: माणूस गेल्यावर ऑफिस बंद पडलं तर तो माणूस मोठा. 1980 साली बॉनहॅम गेला आणि उरलेल्या तिघांनी लेड झेपलिनला कुलूप लावलं. याउलट 1978 साली कीथ मून गेला, द हू चालू राहिला. 2021 साली चार्ली गेला, स्टोन्स चालू राहिले.

"या हिशेबानं आमच्या खात्यात आजवर एकही मोठा माणूस झाला नाही," शांतीनगर म्हणाले. त्यावर कुणीच वाद घातला नाही.

बॉनहॅमच्या बाजूनं दुसरा पुरावा 'फोर स्टिक्स' या गाण्याचा. त्यानं हे गाणं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या घेऊन वाजवलं, म्हणून गाण्याचं नावच चार काठ्या. जेसल पार्क हे सांगताना दोन पेनं आणि दोन चमचे घेऊन प्रात्यक्षिकही करतात. पण याच गाण्यावरून त्यांची बाजू लंगडी झाली. लेड झेपलिनचेच जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट 1972 साली मुंबईत आले, इथल्या स्टुडिओत इथल्याच वादकांना बसवून त्यांनी हे गाणं पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. ते रेकॉर्डिंग 2015 साली अधिकृतपणे बाहेर आलं, 'फोर हँड्स' या नावानं. त्यात बॉनहॅम नाही. ताल आपल्या माणसांनी तबल्यावर वगैरे धरलाय.

"म्हणजे त्याला चार काठ्या लागल्या आणि आपल्या माणसानं बोटांवर भागवलं," उत्तननी जाहीर केलं. ते स्वतः तबल्यालाही वाद्य मानत नाहीत, पण परक्याला हरवायचं असलं की माणूस तत्त्वं गुंडाळून ठेवतो.

इथून वाद हमखास तबल्यावर जातो. तबलावादक ड्रमर धरायचा की नाही? कागदपत्रं भक्कम आहेत. अल्लारखाँ आणि अमेरिकेचा जाझ ड्रमर बडी रिच यांनी 1968 साली मिळून रेकॉर्ड काढली. ग्रेटफुल डेडचा ड्रमर मिकी हार्ट झाकिर हुसेनना घेऊन 'प्लॅनेट ड्रम' वाजवत होता, आणि जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी त्या अल्बमला मिळालं. आता झाकिरभाई म्हणजे माहीमचे. पश्चिम रेल्वेचे. शिवाय बसून वाजवायचे. सगळ्या अटी पूर्ण.

फक्त पूनमसागरची तक्रार असते की आपण दर वेळी शेवटी आपल्याच माणसाला का जिंकवतो. मुलगा अजून लहान आहे. मराठी माणसानं हा वाद काळ्या टी-शर्टाबरोबर परदेशातून आणलाय, असा त्याचा समज आहे. आपल्याकडे तो नाटक कंपन्यांच्या काळापासून जोरात चालू आहे. बालगंधर्व मोठे की केशवराव भोसले, यावरून घराघरांत अबोला असायचा. शेवटी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं: बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर, जमलेले पैसे टिळक स्वराज्य फंडाला. एकाच रंगमंचावर दोघांना उभं करून निकाल लागेल, अशी भाबड्यांची समजूत. लोक भरभरून ऐकून आले आणि घरी जाऊन दुप्पट जोरानं भांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले आणि निकाल कायमचा राहिला. आणि ड्रमरच्या बाबतीतही आपण मागे नव्हतो. गंधर्व कंपनीत तबल्याला अहमदजान थिरकवा बसायचे. गाणं बालगंधर्वांचं, पण थिरकवांच्या लग्गीसाठी कान टवकारून बसणारे प्रेक्षक होतेच. हे सगळं ऐकून पूनमसागर म्हणाला, "म्हणजे आपले आजोबा मेटलहेड होते." शब्द वेगळा, माहिती बरोबर.

शेठ अशा वेळी खिडकीबाहेर मिठागरांकडे बघत बसतात. एकदा त्यांना वादात ओढलं ते हेवी मेटलनं. पूनमसागर ब्लॅक सॅबथची गोष्ट सांगत होता: टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमचा पोरगा, सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला, नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये हात गेला आणि दोन बोटांची टोकं तुटली. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, खर्जातला आवाज निघाला.

शेठ पहिल्यांदा वळून बसले. "पत्र्याचा प्रेस? किती टनाचा?"

हे कुणालाच सांगता येईना. "प्रेसवर गार्ड लावला पाहिजे," शेठ म्हणाले. "आमच्याकडे आहे. त्याच्याकडे गार्ड असता तर ही कटकटच झाली नसती." हेवी मेटलच्या साऱ्या इतिहासाला कटकट म्हणणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो रोज दिवसभर पत्रा ठोकल्याचा आवाज ऐकून येतो.

एवढं ज्ञान असलेल्या गावात ड्रम सेट किती असतील? फार नसावेत. ड्रमर नील पिअर्टचा संच त्याच्या चारी बाजूंनी असायचा. तो वन बीएचकेत मांडला तर बायकोला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये यायला दोन झांजांखालून वाकून यावं लागेल. कीथ मूननं 1967 साली अमेरिकेतल्या टीव्हीवर ड्रममध्ये सुरुंगाची दारू ठासून स्फोट केला. आमच्याकडे सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीला सेलोटेप लावला तरी डिपॉझिट कापतात. शिवाय कायदा आहे. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. या दहाच्या नियमाबद्दल रॉकवाले जगभर बोटं मोडतात. भाईंदरचा रॉकवाला मनातून खूश असतो. मे 2025 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस ऐकताना त्याचा एक कान गिटारकडे आणि एक डोळा घड्याळाकडे होता, कारण बँड कितीही थोर असला तरी शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही.

पूनमसागरनं यावर तोड म्हणून रबरी पॅडचा इलेक्ट्रॉनिक सेट घेतला. हेडफोन लावून वाजवायचा, म्हणजे आवाज फक्त आपल्या कानात. प्रत्यक्षात एका वादनाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. त्याच्या कानात बॉनहॅम. शेजारी टीव्ही बघणाऱ्या आईला रबरावरची टपटप, नळ गळतोय तशी. आणि खालच्या मजल्यावर पेडलची धप, धप, धप. खालच्या काकूंनी सोसायटीला लेखी कळवलं की वर कुणीतरी रात्री मसाला कुटतं. सेट आता दिवाणात आहे.

म्हणून खरं वादन गाडीतच होतं. नीट बघा. छातीशी उलटी लावलेली बॅग, तिच्यात स्टीलचा रिकामा डबा. त्यावर चार बोटांनी रोल चालतो. टाच फरशीवर बेस ड्रम धरते. अंगठीचं बोट दारातल्या स्टीलच्या दांड्यावर टिण् टिण् करत झांज वाजवतं. उभ्या माणसाला वरची कडी धरावी लागते, त्यामुळे सगळा कार्यक्रम एका हातानं. डेफ लेपर्डच्या रिक अ‍ॅलननं 1984 सालच्या अपघातात डावा हात गमावल्यावर पायांना जास्तीचे पेडल लावून वाजवणं चालू ठेवलं, तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली. आमच्या गाडीत त्याचं नाव निघालं की चौथ्या सीटवरचा माणूस आपणहून उठतो. याहून मोठा सन्मान आमच्याकडे नाही.

निकाल लागावा असं कुणालाही वाटत नाही, हे एव्हाना लक्षात आलंच असेल. निकाल लागला तर अंधेरी ते भाईंदर काय बोलायचं? घराचा हप्ता आणि थायरॉइड आहेच, पण त्यात पक्ष पडत नाहीत. एसी लोकल आली तेव्हा थोडी भीती वाटली होती. गार हवेत, बंद दारात लोक दबक्या आवाजात बोलतात, आणि बॉनहॅमबद्दल दबक्या आवाजात बोलता येत नाही. मग पासाचे पैसे बघितले आणि भीती गेली.

एवढ्यात एक अडचण मात्र उभी राहिली आहे. शब्दशः उभी. शांतीनगरांची मुलगी ढोल-ताशा पथकात आहे. वडिलांच्या तोंडून ही नावं ऐकून तिनं विचारलं, "बाबा, या तुमच्या लोकांपैकी कुणी कमरेला ढोल बांधून, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, असं दुपारपासून रात्रीपर्यंत चाललंय का? न बसता?"

प्रश्न गाडीत मांडला गेला. अंधेरी गेली, बोरिवली गेली, उत्तर सुचेना. झाकिरभाईंना घेतलं ते बसून वाजवायचे म्हणून. ही तर उभी, वर चालणारी. हिला यादीत घेतलं तर आमच्या कसोटीचं लाकूडच मोडतं. शेठनी तोडगा काढला, "उभ्यांची वेगळी लिस्ट करा ना." त्यावर जेसल पार्क म्हणाले, "उभ्यांची लिस्ट काढली तर आधी आपली नावं येतील." दहिसरला शांतीनगरांनी खिशातून पेन काढलं आणि जुन्या पासाच्या मागे टिपणी लिहिली: 'अर्जदार वादक उभ्याने वाजवीत असल्याने प्रस्तुत प्रकरणी निर्णय घेता येत नाही. बसण्यास जागा उपलब्ध झाल्यावर फेरअर्ज करावा.' मीरा रोडच्या आत त्यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि टिपणीचा फोटो मुलीला गेला.

भाईंदरला उतरता उतरता तिचं उत्तर आलं: 'पथकात ज्याला बसावंसं वाटतं त्याला आम्ही ताक देऊन घरी पाठवतो. तुम्ही लवकर या.'